बँकेच्या यादीतला वकील नेमका कुणाचा?

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला एका मुलाचा फोन आला. मुलगा म्हणजे तशी तिशी ओलांडलीय त्याने, पण इंग्लंडात नवीन आला तेव्हा आमच्याकडे आठ महिने भाड्याने राहिला होता म्हणून मला अजून मुलगाच वाटतो. स्लाउला दोन बेडरूमचा फ्लॅट बघितलाय, ऑफर ॲक्सेप्ट झालीय, मॉर्गेजची (गृहकर्जाची) प्राथमिक मंजुरी हातात आहे, आणि आता प्रश्न असा की, "ताई, वकील बँकेच्या पॅनेलवरचाच आहे, एजंटनेच नाव दिलं. म्हणजे बँकेने सगळं तपासलेलं असणारच, मग आपण वेगळं काही बघायला नको ना?"

त्या शेवटच्या "ना"साठी हे सगळं लिहितेय, कारण बारा वर्षांपूर्वी रेडिंगला घर घेताना हाच "ना" मी पण म्हटला होता, आणि तेव्हा समोरच्याने "नको नको, काही बघायला नको" असं सांगितलं होतं आणि मला बरं वाटलं होतं.

यात त्याची चूक नाहीये. हे वाक्य आपण घरून घेऊनच विमानात बसतो. महाराष्ट्रात फ्लॅट घेताना काका-मामा काय सांगतात? "बँकेने लोन पास केलंय ना, मग टायटल क्लिअर." तिकडे बँकेचा पॅनेलवरचा वकील दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून सर्च काढतो, बहुतेक वेळा तीस वर्षांचा, इंडेक्स टू बघतो, सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड बघतो, रिपोर्ट बनवून बँकेला देतो, त्याची फी आपल्याच खात्यातून जाते आणि रिपोर्टची कॉपी मात्र मागितल्याशिवाय आपल्या हातात येत नाही, कधीकधी मागूनही येत नाही. तो वकील बँकेचा, आपण फक्त बिल भरणारे. तरीही आपण त्याच्या भरवशावर आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करतो. बरं ही सवय तिकडेही धोक्याचीच, पण निदान तिकडे तो आपला वकील नाही हे विचारलं तर कुणीही सांगेल.

इंग्लंडमध्ये भानगड अशी की तो आपला पण असतो आणि बँकेचा पण. इथेच सगळा घोळ आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये (स्कॉटलंडची तऱ्हा वेगळी, तिथे घर घेणाऱ्यांनी यावरून काही ठरवू नका) घराच्या मालकीचे कागद बदलण्याच्या कामाला कन्व्हेयन्सिंग म्हणतात. ते सॉलिसिटर करतो नाहीतर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर. पूर्वी सॉलिसिटर लोकांचीच मक्तेदारी होती, ती १९८५ च्या कायद्याने मोडली. आता तुम्ही मॉर्गेज घेताय म्हटल्यावर बँकेलाही वकील लागतो, कारण घर तिच्याकडे तारण राहणार. दोन वकील ठेवायचे तर खर्च दुप्पट, कागद दोनदा वाचायचे, म्हणून साध्या घराच्या केसमध्ये एकच वकील दोघांचं काम करतो, आणि नियमांत त्याला मुभा आहे. अट एकच, तो बँकेच्या मंजूर यादीवर, म्हणजे पॅनेलवर असला पाहिजे. तुमचा आवडता वकील यादीवर नसेल तर बँक स्वतःचा दुसरा नेमते, त्याचे काहीशे पौंड आणि वर वीस टक्के व्हॅट सहसा तुमच्या माथी, आणि दोन वकिलांच्या पत्रव्यवहारात दोन-तीन आठवडे जातात ते वेगळेच. म्हणून व्यवहाराच्या दृष्टीने सांगायचं तर पॅनेलवरचाच घ्या, मीही तेच सांगते. नाव ठरवायच्या आधी बँकेला विचारून घ्या, आणि मधेच मॉर्गेजची बँक बदललीत तर परत विचारा, कारण एका बँकेच्या यादीवरचा माणूस दुसरीच्या यादीवर असेलच असं नाही. हे न विचारल्यामुळे एक्स्चेंजच्या, म्हणजे करार पक्का व्हायच्या, आठवडाभर आधी धावाधाव झालेली दोन घरं मला माहीत आहेत.

इथपर्यंत सगळं ठीक. पण "मंजूर" हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं की कुणीतरी या वकिलाचं काम बघून त्याला पास केलंय. आयएसआय मार्कासारखं. तसं काही नसतं हो. बँक काय बघते, तर फर्म नियमात नोंदलेली आहे का, विमा पुरेसा आहे का, भागीदार किती आहेत (काही बँकांना एकट्या वकिलाची फर्म चालतच नाही), सॉलिसिटरांच्या लॉ सोसायटीची सीक्यूएस ही घराच्या कामासाठीची मान्यता आहे का, आधी काही फ्रॉडचं लचांड मागे लागलेलं आहे का, आणि वर्षाकाठी आपल्या बँकेची किती कामं करते. म्हणजे उद्या बँकेचे पैसे बुडाले तर ते वसूल व्हायची सोय आहे का, एवढंच. तो वकील फोन उचलतो का, मेलला चार दिवसांत उत्तर देतो का, एका वेळी दीडशे फायली घेऊन बसलाय का, तुमची लीज शेवटपर्यंत वाचणार आहे का, यातलं काहीही त्या यादीवरून कळत नाही. कळणारही नाही, बँकेला त्याची गरजच नाहीये.

पण मी बँकेला शिव्या घालायला बसलेली नाही. यादी ठेवण्यामागे कारण आहे आणि ते रास्त आहे. १९९० च्या दशकातली एक केस इथल्या वकिलांना अजून शिकवतात, मॉर्गेज एक्स्प्रेस (कर्ज देणारी) विरुद्ध बोवरमन (वकील). लंडनचा एक फ्लॅट, घेणारा २ लाख २० हजार पौंडांना घेतोय, आणि दोघांचं काम करणाऱ्या वकिलाला कागद बघताना कळलं की विकणारा तोच फ्लॅट त्याच वेळी दुसऱ्याकडून १ लाख ५० हजाराला घेतोय. वकिलाने हे घेणाऱ्याला सांगितलं, बँकेला सांगितलं नाही. पुढे हप्ते थकले, फ्लॅट विकून बँकेचे पैसे निघाले नाहीत, आणि कोर्टाने सांगितलं की बँकही तुमची क्लायंट होती, किमतीबद्दल शंका येईल अशी गोष्ट तिला कळवायला हवी होती. यातून काय लक्षात घ्यायचं, तर समोर बसलेला वकील तुमच्याकडून फी घेतो, तुमच्याशी गोड बोलतो, पण तुमच्या व्यवहारातली बँकेच्या कामाची प्रत्येक गोष्ट बँकेला कळवायला तो बांधील आहे. बँकांनी वकिलांना द्यायच्या सूचनांचं एक जाडजूड हँडबुक आहे, यूके फायनान्स नावाची त्यांची संघटना ते चालवते, पहिला भाग सगळ्या बँकांना सारखा आणि दुसऱ्या भागात प्रत्येक बँकेचं आपापलं म्हणणं. हे सगळं नेटवर फुकट वाचता येतं, आणि माझ्या माहितीत घर घेणाऱ्या एकाही मराठी माणसाने ते उघडून बघितलेलं नाही. नवरा रोज रात्री सोफ्यांचे रिव्ह्यू वाचत होता आमच्या वेळी.

आता आपल्या लोकांना हे बांधील असणं सगळ्यात आधी कुठे बोचतं, तर डिपॉझिटमध्ये. आमच्या डिपॉझिटमधला मोठा हिस्सा सासऱ्यांनी दिला होता, आप्पांनी मिरजेजवळचा एक बिनशेती प्लॉट विकला आणि ते पैसे पाठवले. आम्हाला वाटलं घरचे पैसे आहेत, कुणाला काय करायचंय. वकीलबाईंचा मेल आला की हे गिफ्ट आहे की उसने, आप्पांचा घरात हिस्सा असणार आहे का, तसा नसल्याचं त्यांच्या सहीचं पत्र द्या, त्यांच्या पासपोर्टची साक्षांकित प्रत द्या, आणि त्यांच्याकडे हे पैसे आले कुठून ते दाखवा. खरेदीखत पाठवलं तर ते मराठीत. अकरा पानांचं. त्याचं प्रमाणित भाषांतर करून घेतलं, त्यात "चतुःसीमा" शब्दापाशी भाषांतर करणारा अडला आणि त्याने मलाच फोन केला. मग बँक स्टेटमेंट, त्यात मधेच आत्याबाईंनी जमा केलेले दोन लाख, ते कुणाचे. आप्पा शेवटी वैतागून म्हणाले, "सूनबाई, तुमची वकीलबाई आहे का इन्कम टॅक्सवाली?" आणि तेव्हा मी पण त्यांच्याच बाजूने होते. पण बाईंचं बरोबर होतं. मनी लाँडरिंगचे नियम आहेतच, शिवाय पूर्ण पैसे घेणाऱ्याचे स्वतःचे नसतील तर ते बँकेला कळवणं हँडबुकात लिहिलेलं आहे. आणि समजा आम्ही म्हटलं असतं की बाई, हे बँकेला नका सांगू, तर? तर आमच्या परवानगीशिवाय त्या सांगू शकल्या नसत्या, गोपनीयता आहे, पण मग त्यांना बँकेचं काम सोडावं लागलं असतं, आणि "हितसंबंधांच्या संघर्षामुळे काम थांबवत आहोत" एवढी एक ओळ बँकेला गेली की बँकेला काय समजायचं ते समजतं. ऑफर गेली म्हणून समजा. म्हणून भारतातून पैसे यायचे असतील तर घर बघायच्या आधीच कागद जमवायला लागा, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच पाठवता येतात हेही आई-बाबांना आधी सांगून ठेवा, आणि वकिलाशी पहिल्याच फोनवर हे बोला. त्याच्यापासून लपवायचं आणि त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं हे इथे जमत नाही.

मग बँकेचं हित सांभाळलं गेलं की आपलंही सांभाळलं जातंच की, असा एक युक्तिवाद असतो, आणि तो अर्ध्याहून जास्त वेळा खराही असतो. मालकी खरी आहे का, घरावर आधीचं कर्ज आहे का, वाटेचा हक्क आहे का, सर्चेसमध्ये (सरकारी नोंदींच्या तपासणीत) काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एखादा नवा रस्ता दारातून जातोय का, हे बँकेलाही हवं आणि आपल्यालाही. पण बँकेला घर फक्त एका प्रश्नापुरतं हवं असतं. हप्ते थकले तर हे विकून माझे पैसे निघतील का? हो म्हटलं की तिचा रस संपला. आपला रस तिथून पुढे सुरू होतो, आपल्याला त्यात राहायचंय.

आमच्या घराचा लॉफ्ट. आधीच्या मालकाने माळ्याचीच खोली केलेली, जिना घातलेला, छान गालिचा, व्हेलक्स खिडकी, एजंटच्या जाहिरातीत "लॉफ्ट रूम" म्हणून फोटो. काम पूर्ण झाल्याचं काउन्सिलचं बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट मात्र नव्हतं. मी घाबरले, वाटलं आता मोडतंय. दोन दिवसांत प्रश्न मिटला! इन्डेम्निटी पॉलिसी नावाचा एक विमा असतो, एकदाच थोडे पौंड भरायचे, ते पण विकणाऱ्याने भरले, बँकेला चालतो, वकिलाला चालतो, पुढची फाईल. पॉलिसीत एक अट होती की तुम्ही या कामाबद्दल काउन्सिलशी संपर्क साधायचा नाही, साधलात तर विमा रद्द. म्हणजे बघा, आयुष्यभराची कमाई घालून घर घ्यायचं आणि त्यातली एक खोली कायदेशीर आणि धड आहे का हे ज्याला माहीत असू शकतं त्यालाच विचारायचं नाही.

त्या विम्यात काउन्सिलने कारवाई केली तर होणारं नुकसान मिळतं. खोलीची जमीन कमकुवत आहे, आग लागली तर उतरायला धड वाट नाही, याचे पैसे त्यात मिळत नाहीत. वर्षभराने मुलीचा पलंग वर चढवायचा म्हणून एका स्ट्रक्चरवाल्याला बोलावलं, त्याने गालिच्याचा कोपरा उचलला, एक फळी काढली आणि आत बोट दाखवलं. छताच्या जुन्या तुळया, बारीक, ज्या खालच्या खोलीचं सिलिंग धरायला बसवलेल्या, त्यांच्यावरच सरळ फळ्या ठोकलेल्या. "मी इथे मूल झोपवणार नाही," एवढंच म्हणाला आणि कॉल आउटचे पैसे घेऊन गेला. आज त्या खोलीत गणपतीच्या डेकोरेशनची खोकी आहेत, दोन सुटकेसा आहेत, आणि नवऱ्याचं न वापरलेलं रोइंग मशीन होतं ते पण मी खाली आणायला लावलं.

आता यात कोण चुकलं? वकीलबाईंनी मागे पान तेवीसवर लिहिलेलं होतं, की सर्टिफिकेट नाही, बांधकामाची खात्री खरेदीदाराने स्वतंत्रपणे करून घ्यावी. आम्ही तो रिपोर्ट किचन टेबलवर बसून सह्यांची पानं शोधत उलटला होता. बँकेचं व्हॅल्युएशन झालं होतं, तेवढ्यावर आम्ही खूश, बांधकाम तपासणारा धड सर्व्हे आम्ही केलाच नाही, चारशे पौंड वाचवले. म्हणजे पॅनेलवरच्या वकिलाने पॅनेलच्या हिशोबाने चोख काम केलं. मला फक्त हे कुणी सांगितलं नव्हतं की तो हिशोब माझा नाही.

लीजहोल्ड, म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या, फ्लॅटमध्ये तर हे आणखी उघडं पडतं. लीजची किती वर्षं शिल्लक हवीत याचा दर बँकेचा आकडा वेगळा, तो त्या हँडबुकच्या दुसऱ्या भागात असतो, बऱ्याच जणांचा सत्तरच्या आसपास. समजा फ्लॅटची लीज ऐंशीच्या थोडी वर आहे. बँक खूश, वकील टिक मारतो. पण लीज ऐंशी वर्षांच्या खाली गेली की ती वाढवून घेताना मॅरेज व्हॅल्यू नावाची एक रक्कम मोजावी लागते, लीज वाढल्यामुळे फ्लॅटची किंमत जी वाढते तिचा अर्धा वाटा जमीनमालकाला. २०२४ च्या सुधारणा कायद्यात हे काढून टाकायचं ठरलंय, पण ते कलम लागू व्हायचं रेंगाळलंय, आणि कायदा येणार येणार म्हणून त्याच्या भरवशावर फ्लॅट घेणारे आपले बरेच जण आहेत. घेतल्यावर लीज वाढवायला आधी दोन वर्षं थांबावं लागायचं, ती अट जानेवारी २०२५ च्या शेवटी गेली, हे मात्र चांगलं झालं. तर बँकेला चालणारी लीज आणि तुम्हाला परवडणारी लीज यांच्या मधल्या पट्ट्यात कुणी काही बोलत नाही. तुम्हीच विचारायचं.

बरं, मग प्रत्येक बँकेने आपला वकील वेगळा ठेवावा आणि आपला आपल्यापुरता, असं काहीजण म्हणतात, तत्त्व म्हणून छान आहे. मला ते पटत नाही. त्याचं बिल आपल्यालाच येणार, आणि बँकेचा वकील आपल्या वकिलाला प्रश्न विचारणार, तो विकणाऱ्याच्या वकिलाला, तो फ्रीहोल्डरच्या (जमीनमालकाच्या) मॅनेजिंग एजंटला, आधीच तीन-चार महिने लागतात त्याचे सहा होतील. शिवाय एकच वकील असला की बँकेचं गाडंही त्याच फाईलवर पुढे सरकतं, हा फायदा खरा आहे. एकाने दोघांचं काम करणं मला चालतं. मला खुपतं ते यादी बंद करणं, आणि यादीचं भांडवल करून दुकान चालवणं.

यादी बंद करण्याचं उदाहरण जुनं आहे पण विसरण्यासारखं नाही. जानेवारी २०१२ मध्ये एचएसबीसीने जाहीर केलं की घरखरेदीच्या केसमध्ये त्यांच्या यादीवर फक्त ४३ फर्म असतील. आख्ख्या देशासाठी. ज्याला स्वतःचा वकील हवा त्याने बँकेच्या वेगळ्या वकिलाचे पैसे भरावेत. वकील ओरडले, ग्राहक ओरडले, आणि नंतर बँकेला यादी वाढवावी लागली. पण तेव्हापासून गोष्ट उघड आहे की यादी किती मोठी ठेवायची हे बँकेच्या मर्जीवर आहे. गावातला म्हातारा सॉलिसिटर, ज्याला त्या गल्लीतल्या प्रत्येक ड्रेनचा इतिहास पाठ आहे, तो वर्षाला एका बँकेची चारच कामं करतो म्हणून यादीतून गळतो, आणि दोनशे मैलांवर एका औद्योगिक वसाहतीत बसून हजारो फायली हाकणारी फर्म टिकते. ती वाईटच असते असं नाही. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये अशा एका मोठ्या ग्रुपवर, सिम्प्लिफायवर, सायबर हल्ला झाला तेव्हा सामान ट्रकमध्ये भरून बसलेली कुटुंबं कम्प्लिशनच्या, म्हणजे घर ताब्यात यायच्या, वाटेकडे डोळे लावून अडकली होती. थोड्याच टोपल्यांत सगळी अंडी ठेवल्यावर अजून काय होणार.

आणि दुकान. स्लाउच्या या मुलाला नाव बँकेने नाही दिलं, एजंटने दिलं. एजंट विकणाऱ्याचा माणूस, तो घेणाऱ्याला वकील सुचवतो, आणि बऱ्याचदा त्यात त्याला शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त पौंड रेफरल फी मिळते. हे इथे कायदेशीर आहे, फक्त सांगावं लागतं, आणि सांगतात ते कुठेतरी मेलच्या तळाशी बारीक अक्षरात. अपघाताच्या दाव्यांमध्ये वकिलांनी अशी फी द्यायला २०१३ पासून बंदी आहे, घराच्या कामात नाही, याचं तर्कशुद्ध कारण मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. ते पैसे शेवटी येतात आपल्याच फीमधून, आणि फर्मला पुढचं गिऱ्हाईक तुमच्याकडून नाही तर एजंटकडून मिळायचं असतं, मग ती कुणाला नाराज करणार? "सर, ही लीज घेऊ नका" असं म्हणून सौदा मोडणारा वकील एजंटच्या यादीत किती दिवस राहील? एजंट सांगताना "बँकेने मंजूर केलेला" हे शब्द पुढे करतो. मंजुरी बँकेची, शिफारस एजंटची, आणि विश्वास आपला, सगळं एका वाक्यात मिसळून टाकतात.

हे काही मी मनातलं सांगत नाहीये. नवीन घरं लीजहोल्डवर विकून त्यांचं जमीनभाडं दर दहा वर्षांनी दुप्पट होईल अशी कलमं घालायचा प्रकार इथे झाला, लोकांना घरं विकता येईनात, आणि तक्रारींत पुन्हा पुन्हा एक गोष्ट येत होती, की वकील बिल्डरने सुचवला होता. संसदेच्या समितीने २०१९ च्या अहवालात म्हटलं की ठराविक वकील वापरावा म्हणून ग्राहकाला पैशाचं आमिष दाखवायला बंदी घाला. पुढे जमीनभाड्याचा कायदा आला, ३० जून २०२२ पासून बहुतेक नव्या लीजवर जमीनभाडं जवळपास शून्य झालं. बरं झालं. पण आमिष अजून आहेच, "आमचा वकील घेतलात तर लीगल फी आम्ही भरू" हे नव्या साईटवर गेलात की आजही कानावर पडतं. आपल्याकडे बिल्डरचा वकील म्हटलं की निदान लोक भुवया तरी उंचावतात.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. जी फर्म नियामकाकडे रीतसर नोंदलेली आहे, विमा भरते, सीक्यूएससारखी ठरलेली मान्यता बाळगते, तिला कुठल्याही बँकेच्या पॅनेलवर जागा मिळाली पाहिजे, आणि नाकारायची किंवा काढायची असेल तर बँकेने कारण लेखी द्यावं. वर्षाला कामं किती हा निकष उडवून लावा, फ्रॉड छोट्या फर्ममध्येच होतो असं काही नाही, २०२३ मध्ये ॲक्सिओम इन्स ही हजारावर माणसांची फर्म नियामकाने बंद केली तेव्हा ग्राहकांचे सहा कोटी पौंडांहून जास्त पैसे जागेवर नव्हते. दुसरं, घराच्या कामातली रेफरल फी सरळ बंद. आणि मॉर्गेज ऑफरच्या पहिल्या पानावर, तेविसाव्या नाही, ठळक अक्षरात असं लिहावं की या यादीवर असणं म्हणजे आमचे पैसे सुरक्षित ठेवायची सोय आहे, वकिलाच्या कामाची हमी नाही. यात बँकेचं काही जात नाही. एक ओळ छापायची आहे फक्त.

रीमॉर्गेज करताना (त्याच घरावर जुनं कर्ज फेडून नवं घेताना) "फ्री लीगल्स", म्हणजे फुकट वकील, मिळतात तेव्हाची गोष्ट वेगळी, ते घर आधीच तुमचं आहे, वकील बँकेने तिच्या पैशाने नेमलाय, चालू द्या.

मुलाला मी त्या रात्री काय सांगितलं, तर वकील बदलू नकोस लगेच, पॅनेलवर आहे ही गोष्ट तुझ्या कामाचीच आहे, पण आधी एजंटला विचार की तुला यात किती मिळतात. मग मंडळात गणपतीला भेटतात त्यातल्या, दोन वर्षांत घर घेतलेल्या चार जणांना विचार त्यांनी कोण घेतला होता, त्यातले बँकेच्या यादीवर कोण आहेत ते बघ, आणि प्रत्येकाला एकदा फोन कर, फोन कोण उचलतं ते बघ. आणि आहे त्या वकिलाला तीन प्रश्न मेलवर टाक, फोनवर नको, मेलवर: लीजची नेमकी किती वर्षं राहिलीत, मागच्या तीन वर्षांचा सर्व्हिस चार्ज किती होता आणि पुढे मोठं काम काय काढलंय, आणि असं काय आहे जे बँकेला चालतंय पण तुम्ही स्वतःच्या भावाला घ्यायला सांगणार नाही. तिसरा प्रश्न ऐकून तो हसला. म्हटलं, टाक तू.

एजंटला विचारल्यावर तो आधी "इट्स ऑल स्टँडर्ड" म्हणाला, मग दोनशे चाळीस पौंड. मेल परवा गेला. काल दोन प्रश्नांची उत्तरं आलीत, तिसऱ्यावर "लवकरच कळवतो" असं आलंय. सर्व्हिस चार्ज तीन वर्षांत जवळपास दीडपट झालाय, पुढच्या वर्षी छताचं काम आहे. लीज ८१ वर्षं आणि चार महिने.